एका पिंजऱ्यातले दोन ससे

मुलांच्या हट्टापायी बाजारातून सशांची जोडी घरी येते. विकणारा 'एक नर, एक मादी' असे सांगून मोकळा होतो. दोन-तीन महिने दोघे एकमेकांना चिकटून झोपतात. मग एके सकाळी पिंजऱ्यात केसांचे पुंजके पडलेले दिसतात, एकाचा कान फाटलेला असतो. मुले रडू लागतात. घरातील मोठी माणसे म्हणतात, "एवढे गरीब जनावर, ते कसे चावेल?" ससा दिसतो गरीब, पण आपली जागा तो सहजासहजी सोडत नाही.

याचे मूळ वयात आहे. साधारण साडेतीन-चार महिन्यांत ससा वयात येतो. पिल्लू असताना नर-मादी ओळखणे कठीण असते, म्हणून 'जोडी' म्हणून आणलेले दोघेही कधी कधी नरच निघतात. वयात आलेले दोन नर एकमेकांच्या अंडकोशालाही चावतात. म्हणून तिसरा महिना भरताच नर वेगवेगळे ठेवावेत. नर-मादी असतील तरीही वेगळेच ठेवावेत, कारण मादी ३०-३२ दिवसांत विते आणि पिल्लांना जागा पुरत नाही. पैदास करायचीच असेल तर मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे. नराला मादीकडे सोडले तर ती त्याच्या अंगावर धावून जाते.

भांडण जुंपले तर मध्ये उघडा हात घालू नये. पुठ्ठा किंवा जाड टॉवेल मध्ये सारून त्यांना वेगळे करावे. सशाला कान धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली द्यावा. तो धडपडला तर पाठीचा कणा मोडू शकतो.

मग केस बाजूला सारून सगळे अंग पाहावे, कारण चाव्याची जखम वरून लहान आणि आत खोल असते. अर्धा लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ घालून तिने जखम धुवावी. हळद, तेल किंवा राख भरू नये. काही दिवसांनी तिथे गाठ आली तर ती दाबू नये. सशाचा पू घट्ट असतो, तो आपोआप वाहून जात नाही. उघड्या जखमेवर माश्या बसून अळ्या पडतात, म्हणून पिंजरा रोज कोरडा करावा.

घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांसारखी औषधे तोंडावाटे दिल्यास सशाचे आतडे बिघडून तो मरू शकतो. जखम खोल असेल, डोळ्याला लागले असेल किंवा ससा अर्धा दिवस काहीच खात नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता जनावरांचा दवाखाना गाठावा. मुलाला ससा चावला तर जखम साबणाच्या पाण्याने नीट धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

पुन्हा एकत्र ठेवायचे असेल तर घाई नको. डॉक्टरांकडून नराचे खच्चीकरण करून घेता येते, पण त्यानंतर महिना-दीड महिना तो मादीपासून दूर हवा. दोन पिंजरे थोडे अंतर ठेवून शेजारी मांडावेत, त्यांतले गवत अदलाबदल करावे. मग दोघांनाही अनोळखी अशा जागी रोज दहा-पंधरा मिनिटे, आपल्या देखत सोडावे. खाण्या-पिण्याची भांडी आणि लपायची खोकी दोन-दोन असावीत. एवढे करूनही जमले नाही तर दोघांना कायमचे वेगळे ठेवावे. दोन पिंजऱ्यांची सोय नसेल तर आमचा साधा सल्ला आहे: मुलांसाठी एकच ससा आणा आणि त्याला रोज वेळ द्या.