समेट गावातच व्हायला हवा

गडचिरोलीच्या जंगलात नक्षल चळवळ १९८० च्या सुमारास तेव्हाच्या आंध्रातून, सिरोंचाच्या वाटेने शिरली. जिल्हा म्हणून गडचिरोलीची निर्मिती त्यानंतर, २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाली. तेंदूपत्ता व बांबूतोडीची तुटपुंजी मजुरी आणि वनखात्याचा जाच यांमुळे माडिया-गोंड गावांत दलमांना, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र तुकड्यांना, सुरुवातीला थारा मिळाला. मजुरी वाढली, पण बंदूक गावातून हलली नाही.

चार दशकांत पाचशेहून अधिक सामान्य नागरिक नक्षल्यांच्या हातून मारले गेले. अनेकांवर ‘पोलिसांचा खबऱ्या’ असा ठपका होता. दलमला जेवण दिले तर पोलिसांची चौकशी, पोलिसांशी बोलले तर दलमचा संशय, अशा कात्रीत गावे सापडली. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया व त्यानंतरच्या चकमकीत ४० नक्षली ठार झाले. जानेवारी २०१९ मध्ये कसनासूरच्याच तिघा ग्रामस्थांची खबरे ठरवून हत्या झाली. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याच्या स्फोटात १५ पोलिसांसोबत त्यांच्या गाडीचा खासगी चालकही गेला.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी वरिष्ठ नक्षल नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. २००५ पासूनच्या आत्मसमर्पण योजनेत परतणाऱ्याला पैसा, घर व रोजगार मिळतो. हे योग्यच आहे. मात्र परतलेला माणूस आणि ज्याचा बाप मारला गेला तो मुलगा एकाच तालुक्याच्या बाजारात समोरासमोर येतात. त्यांच्यातील समेट सरकारी आदेशाने होत नाही.

युगांडाचे उदाहरण घ्या. तेथे बंडखोरांसाठी २००० मध्ये क्षमादान कायदा झाला. तेथील अचोली समाजात त्याहून जुनी ‘मातो ओपुट’ प्रथा आहे. तीत मारेकऱ्याचे कुळ गुन्हा कबूल करून भरपाई देते आणि मग दोन्ही कुळे एकत्र कडू रस पितात. क्षमा तेथे पीडितांच्या साक्षीने होते.

गडचिरोलीत अशी जागा ग्रामसभेची आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू विकू लागली. ज्या मजुरीच्या प्रश्नावरून दलमांना थारा मिळाला, तो या गावाने बंदुकीविना सोडवला. ग्रामसभेला असे बळ सर्वत्र मिळायचे, तर ते कायद्याने द्यावे लागेल. नक्षलविरोधी अभियानाचे कार्यालय नागपुरात आहे, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशनही येथेच भरते. मृतांच्या कुटुंबांचे पुनर्वसन, परतलेल्यांचा गावातील स्वीकार आणि सुरजागडसारख्या लोहखाणींबाबतचा निर्णय, या तिन्हींत ग्रामसभेचा शब्द बंधनकारक ठरवणारी तरतूद याच शहरात व्हायला हवी.