झाड लावले, पुढे काय?

2017 ते 2019 या तीन पावसाळ्यांत महाराष्ट्रात अनुक्रमे 4, 13 आणि 33 कोटी, म्हणजे एकूण 50 कोटी रोपे लावण्याचा संकल्प तत्कालीन राज्य सरकारने सोडला. हेतू चांगलाच होता. 1988च्या राष्ट्रीय वनधोरणाने देशाची एकतृतीयांश जमीन वनाच्छादित असावी असे सांगितले आहे आणि आपण त्यापासून बरेच दूर आहोत. पण 2021 मध्ये, सरकार बदलल्यावर, याच मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. लावलेले रोप चैत्र-वैशाखाच्या उन्हात तगते की नाही, ते गुरांपासून आणि वणव्यापासून वाचते की नाही, याचा हिशेब पहिल्या दिवसापासून गावागावांत खुला असता, तर ही वेळ आली नसती. पर्यावरणाचे वचन पाच वर्षांच्या सत्तेत मावत नाही. वड-पिंपळाला वाढायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. म्हणून नेत्याला किती खड्डे खोदले हे विचारू नका. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती झाडे उभी आहेत, हे विचारा. आणि त्याचा जाहीर हिशेब दरवर्षी ग्रामसभेत मांडणे सरकारवर कायद्याने बंधनकारक करा, मग ते सरकार कोणत्याही पक्षाचे असो.