पाणी तपासले कोणी?

२०२५ या वर्षाचा विज्ञान आणि विवेक या दृष्टीने ताळेबंद मांडायचा झाला, तर जमेच्या बाजूला पहिली नोंद शुभांशु शुक्ला यांच्या अंतराळप्रवासाची करावी लागेल. २५ जून रोजी ते निघाले आणि आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात पोहोचणारे पहिले भारतीय ठरले. नावेच्या बाजूची सर्वांत काळी नोंद त्यानंतर दोन आठवडेही उलटले नाहीत तोच झाली. बिहारमधील पूर्णिया जिल्ह्यातल्या टेटगामा गावी चेटकाच्या संशयावरून एकाच आदिवासी कुटुंबातील पाच जणांना जमावाने ठार मारले. या विरोधाभासावर हळहळून आणि खेडुताच्या अज्ञानाला बोल लावून आढावा संपविण्याची आपल्याकडे रीत आहे. ही विभागणी सोयीची आहे, पण खरी नाही. वर्षातील तीन घटना पाहिल्या म्हणजे हे ध्यानात येईल.

पहिली घटना प्रयागराजच्या कुंभमेळ्यातील. तेथील गंगा-यमुनेचे पाणी वेळोवेळी मलजन्य जिवाणूंमुळे स्नानाच्या निकषात बसत नसल्याचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारीत हरित न्यायाधिकरणाला कळविले. उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की, पाणी स्नानालाच काय, आचमनालाही योग्य आहे. पुढे त्याच मंडळाने नोंदींची मध्यमूल्ये काढून पाणी स्नानयोग्य असल्याचा दुसरा अहवाल दिला. संख्याशास्त्राचा अल्प परिचय असणाराही जाणतो की, मध्यमूल्याच्या वर किती वाईट नोंदी आहेत हे मध्यमूल्य सांगत नाही. भाविक मध्यमूल्यात स्नान करीत नाही. तो त्या दिवशीच्या पाण्यात उतरतो.

दुसरी घटना पुण्यातली. जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’ या मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली आणि संशयित रुग्ण २०० च्या वर गेले. अनेकांच्या नमुन्यांत दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला. नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ साली महापालिकेत आली, पण त्यांच्यापर्यंत शुद्धीकरण केंद्राचे पाणी पोहोचले नव्हते. विहिरीतले पाणी क्लोरीन टाकून नळाला सोडले जात होते. येथे अंधश्रद्धा कोणाची होती? नळाला येते ते शुद्धच असणार, असे मानणाऱ्या नागरिकाची, की क्लोरीन टाकले म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्या प्रशासनाची?

तिसरी घटना बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याची. वर्षारंभी काही गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. शाम्पूपासून पाण्यापर्यंत सर्वांवर संशय घेतला गेला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. जे धान्य गरिबाला घ्यावेच लागते, त्याच्या तपासणीचा प्रश्न एका वैद्याच्या जिज्ञासेवर सोडून चालेल काय?

याच वर्षी २० मे रोजी डॉ. जयंत नारळीकर निवर्तले. फलज्योतिषाला त्यांनी शिव्याशाप दिले नाहीत. त्याची परीक्षा घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांकडे देऊन त्या वेगळ्या करावयास सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. त्यांच्या यशाचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले, म्हणजे नाणे उडवून मिळावे त्याहूनही थोडे कमीच. ही कसोटी जशी कुंडलीला, तशीच सरकारी अहवालालाही लावली पाहिजे.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. परंतु कर्तव्य पार पाडण्याची साधने कोणाच्या हाती आहेत? पाण्यातील जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळा लागते, कर्मचारी लागतात, अंदाजपत्रकात तरतूद लागते. ती नसली की ज्याला परवडते तो बाटलीतले पाणी घेतो आणि ज्याला परवडत नाही तो अंगारा घेतो. विवेक हा केवळ वैयक्तिक सद्गुण नव्हे. रस्ता आणि शाळा यांसारखी ती सार्वजनिक व्यवस्था आहे, आणि तिच्या अभावाची किंमत सर्वांत गरीब माणूसच मोजतो.

मुळशी तालुक्यात राहणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. अभियंत्यांचे गणित चुकले नव्हते. मुळशीचे पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला जाऊन आजही वीज निर्माण करते. प्रश्न एवढाच होता की, त्या गणितात बुडणाऱ्या गावांचा आकडा कोठे धरला होता? तो विचारणारे विज्ञानाचे शत्रू नव्हते. बुवाला पुरावा मागणे आणि प्रकल्पाला हिशेब मागणे ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत.

कार्यकर्त्यांनी म्हणूनच नव्या वर्षात दोन कामे हाती घ्यावीत. डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. आपल्या पोलीस ठाण्यात तो कोण, हे विचारावे. आणि प्रत्येक ग्रामसभेत गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल, तारीख व आकड्यांसह, मोठ्याने वाचून दाखविण्याची मागणी करावी. नाशिकचा सिंहस्थ तोंडावर आहे. गोदावरीचे रोजचे आकडे घाटावरच लावावेत, हाही आग्रह आतापासून धरावा. श्रद्धेने स्नान करणाऱ्याची टवाळी करण्यापेक्षा त्याला स्वच्छ पाणी मिळावे म्हणून झगडणे अधिक विज्ञाननिष्ठ आहे.