कागदावर न उतरलेली चव

बव्हेरियाचे ड्यूक चौथे विल्हेल्म आणि त्यांचे बंधू दहावे लुडविग यांनी २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे एक फर्मान काढले. बीअर करताना जव, हॉपच्या वेलीची कडसर फुले आणि पाणी यांखेरीज काहीही वापरायचे नाही! जर्मन माणूस या शुद्धतेच्या कायद्याविषयी आजही अभिमानाने बोलतो. ज्या घरात बीअरचे नाव निघत नाही, तिथल्या वाचकांनीही पान उलटू नये. मुद्दा परंपरेचा आहे आणि तो ताकालाही लागू पडतो.

बव्हेरियातल्या एका खाणावळीत ‘त्या काळच्या कृतीनुसार’ केलेली बीअर माझ्यापुढे आली. बाटलीवर जुन्या वळणाची अक्षरे, ढेरपोट्या मठवासी आणि किंमत नेहमीपेक्षा चढी. आत मात्र सोनेरी, नितळ, थंडगार, जराशी गोडसर बीअर. वाईट म्हणावे असे तीत काही नव्हते. पण जुने म्हणावे असेही काही नव्हते. घोट घशाखाली उतरला आणि चव विसरलीही गेली.

असे का व्हावे? एक तर तीन जिन्नसांची नावे म्हणजे पाककृती नव्हे. त्या फर्मानाचा बराचसा भाग बीअरच्या दरांविषयी आहे. जव किती, उकळायचे किती वेळ, याबद्दल त्यात अक्षर नाही. त्या काळी मोड आलेले जव अनेक ठिकाणी लाकडाच्या धगीवर वाळवत, त्यामुळे बीअरला धुराचा वास येई. बाम्बेर्ग गावात तशी धुरकट बीअर आजही मिळते. तिथे ती रीत लोकांनी चालू ठेवली, म्हणून ती टिकली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या फर्मानात यीस्टचा उल्लेखच नाही. आधीच्या खेपेचा गाळ पुढच्या खेपेला लावायचा, हे करणाऱ्याला ठाऊक होते. आपल्याकडे दह्याला विरजण लावतात तसेच. लुई पाश्चर यांनी १८७६ साली बीअरवर ग्रंथ लिहिला. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी यीस्टचा एकच शुद्ध वाण वेगळा काढला. बीअर नासणे कमी झाले, हा मोठाच लाभ. पण नाना तऱ्हेच्या जंतूंनी मिळून आणलेली जुनी चव त्याबरोबर गेली. विरजणच बदलल्यावर दही तेच कसे लागणार?

विक्रेत्याची अडचणही समजण्याजोगी आहे. खरोखरीची धुरकट, आंबूस बीअर पुढे ठेवली, तर दहातले नऊजण पेला परत करतील. म्हणून तो चव आजची ठेवतो आणि साल तेवढे जुने छापतो. आजच्या जिभेसाठी बदल करायला हरकत नाही; मग तसे सांगावे. इतिहासाचे दाम घ्यायचे आणि पेल्यात इतिहास घालायचा नाही, हा व्यवहार सरळ नव्हे.

आपल्याकडेही ‘आजीच्या हातची चव’ आता पाकिटात मिळते. आजीच्या वहीत मात्र ‘मीठ चवीपुरते, पाणी अंदाजाने’ एवढेच असते. तो अंदाज तिच्या हातात होता. वही जपून ठेवावीच. पण आजी स्वयंपाकघरात उभी आहे तोवर नातवंडांनी तिच्याशेजारी उभे राहून तो अंदाज शिकून घ्यावा. तो कुठल्याही पाकिटावर छापता येत नाही.