डांबराखालची भेग

मुंबईच्या अटल सेतूवर जिथे लांब गाळ्यांची गरज होती, तिथे १८० मीटरपर्यंतचे पोलादी गाळे बसवले आहेत. त्या भागात डांबर काँक्रीटवर नव्हे, पोलादी पत्र्यावर अंथरलेले आहे. ऑर्थोट्रॉपिक डेक नावाची ही रचना देशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच वापरली गेली. ती वजनाला हलकी आणि ताकदीला चोख आहे. तिचा एक जुना आजारही जगाला ठाऊक आहे, आणि पूल नवा आहे तोवरच त्याबद्दल बोलले पाहिजे.

हा आजार धातूच्या थकव्याचा. ट्रकचे चाक वरून गेले की पत्रा किंचित वाकतो आणि त्याला खालून आधार देणाऱ्या पोकळ पट्ट्यांच्या वेल्डिंगवर ताण येतो. एका चाकाने काही बिघडत नाही. तेच लाखो वेळा घडले की जोडातल्या एखाद्या बारीक दोषातून भेग निघते आणि डांबराखाली, कुणाच्या नजरेस न पडता वाढत राहते. अधिक ताकदीचे पोलाद वापरूनही सुटका नाही, कारण थकतो तो जोड.

ब्रिटनमधला सेव्हर्न पूल १९६६ साली खुला झाला. त्याच्या डेकच्या जोडांत सत्तरच्या दशकातच भेगा सापडल्या. रॉटरडॅमचा दुसरा व्हॅन ब्रिएननोर्ड पूल १९९० चा. त्याच्या उघडझाप होणाऱ्या भागाचा पत्रा १९९७ मध्ये, म्हणजे अवघ्या सात वर्षांत, तडकलेला आढळला. नेदरलँड्समध्येच ऑक्टोबर २०१६ मध्ये भेगांमुळे मेरवेडे पूल अवजड वाहनांना बंद करावा लागला. तिथल्या अभियंत्यांच्या कौशल्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. वाहतूक मात्र अंदाजापेक्षा कितीतरी जड झाली होती.

आपल्याला काळजी वाटायला हवी ती इथेच. अशा जोडांची झीज ताणाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढते. चाकावरचा भार दुप्पट झाला तर झीज आठपट. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसाची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वाढ जेमतेम १३ टक्के दिसते. हिशेब मांडला तर झीज ४० टक्क्यांहून अधिक वाढते, आणि देशातले जुने पोलादी पूल या मर्यादेआधीचे आहेत. वर बेकायदा जादा माल, तो वेगळाच.

दुरुस्ती होते, पण वेळेत दिसले तर. भेगेच्या टोकाला भोक पाडून तिची वाढ थोपवता येते, बोल्टने जोडपट्ट्या बसवता येतात, डचांनी केले तसे पत्र्यावर उच्च ताकदीच्या काँक्रीटचा थर देता येतो. वाहतूक चालू ठेवून घाईने केलेले वेल्डिंग मात्र पुढच्या भेगेचे बीज ठरू शकते.

म्हणून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) अटल सेतूच्या जोडांची अल्ट्रासॉनिक तपासणी ठरल्या वेळापत्रकाने करावी आणि तिचा अहवाल दरवर्षी जनतेपुढे ठेवावा. पुलावर चढण्याआधीच धावत्या ट्रकचे वजन मोजून जादा भाराची गाडी परत फिरवावी. टोलच्या उत्पन्नातला ठराविक हिस्सा केवळ या कामासाठी राखून ठेवावा. राज्यातल्या प्रत्येक जुन्या पोलादी महामार्ग पुलासाठी हाच नियम सार्वजनिक बांधकाम खात्याने लागू करावा, आणि त्याची तरतूद येत्या अर्थसंकल्पातच व्हावी.