झडप नीट मिटते का?

घरामागच्या सुतारकामाच्या खोलीविषयी या सदरात मागे लिहिले, त्यानंतर काही वाचकांनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला. धूळ ओढणारे यंत्र आणले, भिंतीवरून नळ्या फिरवल्या, तरी करवतीपाशी भुसा साचतोच. तर आता मोठी मोटर घ्यावी काय?

दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला पडला होता आणि मोठ्या मोटरीचा सौदा मी जवळजवळ पक्काही केला होता. सांगलीच्या हळदीच्या पेठेत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला धुळीचे भय उरत नाही. हळद पॉलिशच्या ढोलातून निघाली की आसमंत पिवळा होई आणि आम्ही उपरण्याने तोंड पुसून पुढच्या गोणीकडे वळत असू. त्यामुळे पेढी मुलाच्या हाती सोपवून मी सागवानाच्या नादी लागलो, तेव्हा भुशाकडे कौतुकानेच पाहिले. पुढे पहाटेचा कोरडा खोकला जडला. डॉक्टरांनी प्रथम हळदीचीच चौकशी केली, पेढी सोडून तीन वर्षे झाली असे सांगताच त्यांनी विचारले, "मग हल्ली दिवसभर करता काय?" उत्तर ऐकून ते म्हणाले, "धूळ आवरा, नाहीतर खोली बंद करा." घरात या वाक्याचा उत्तरार्ध तेवढा लक्षात राहिला.

डॉक्टर अतिशयोक्ती करीत नव्हते. इंग्लंडमधील हाय विकंब हे खुर्च्या-टेबलांच्या कारखान्यांचे जुने गाव. तेथील फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या पोकळीचा एक विरळा कर्करोग अधिक आढळतो, हे १९६० च्या दशकात एस्मे हॅडफिल्ड या शल्यचिकित्सक बाईंच्या ध्यानात आले. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरणाऱ्या गटात घातली. ते कामगार जन्मभर त्या धुळीत राबत. हौशी माणसाचा तासा-दोन तासांचा खेळ त्या तोलाचा नव्हे. तरीही डोळ्यांना दिसणारा भुसा झाडूने जातो. जी दिसत नाही ती बारीक धूळ तासन्‌तास हवेत तरंगत राहते आणि थेट फुप्फुसात उतरते, हे विसरून चालत नाही. ती धूळ उगमापाशीच ओढून घ्यावी लागते, आणि त्यासाठी हवेचा जोर योग्य जागी पोहोचावा लागतो.

येथे ब्लास्ट गेट या वस्तूचा प्रवेश होतो. नाव भयंकर, वस्तू अगदी साधी. नळीत आडवी बसवलेली ही एक सरकती झडप असते. लोहाराच्या भट्टीकडे जाणारा वाऱ्याचा झोत आवरायला लावतात तशी. माझ्या खोलीत पाच यंत्रे आहेत : गोल करवत, रंधा, बँडसॉ, सँडर आणि उभे ड्रिल. पाचांच्या शाखा एकाच मोठ्या नळीला मिळतात. ज्या यंत्रावर काम चालू असेल त्याची झडप उघडायची, उरलेल्या चार मिटायच्या, म्हणजे सगळी ओढ एकाच तोंडाशी जाते. नळीतून भुसा वाहता राहण्यासाठी हवेला सेकंदाला सुमारे २० मीटर वेग लागतो. हवा चार ठिकाणी वाटली गेली की वेग पडतो आणि भुसा नळीतच बसतो.

मी पाचही झडपा स्वस्तातल्या प्लास्टिकच्या घेतल्या होत्या. पासंग पाहिल्याशिवाय माल न जोखणारे आम्ही, पण तेथे केवळ किंमत पाहिली. मोटरीचा सौदा ठरायच्या आदल्या रविवारी अभियंता असलेला पुतण्या आला. म्हणाला, "काका, मोटर राहू द्या. घरात उदबत्ती आहे ना?" यंत्र सुरू करून त्याने पेटती उदबत्ती एकेका मिटलेल्या झडपेजवळ धरली. धुराची रेघ सरळ वर जायच्या ऐवजी वाकून फटीत शिरत होती. करवतीच्या झडपेपाशी तर ती तुटूनच आत गेली.

दोष असा होता. या झडपांची खाच तळाशी बंद असते. पट्टी प्रत्येक वेळी खाली ढकलली की खाचेतला भुसा तळाच्या कोपऱ्यांत ठासला जातो. काही दिवसांनी पट्टी टेकतच नाही. १० सेंटीमीटर व्यासाच्या नळीत पट्टी अर्धा सेंटीमीटर अलीकडे थांबली, तर सुमारे दीड चौरस सेंटीमीटर फट राहते. खाचेच्या तोंडाशी एक मिलीमीटरची सैलता असेल तर आणखी एक. चार मिटलेल्या झडपांची बेरीज दहाच्या घरात जाते, आणि नळीचे एकूण तोंड साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर. सातवा-आठवा हिस्सा असा परभारे जात होता. त्यातही मोटरीजवळच्या नळीत ओढ सर्वाधिक, म्हणून तिथली फट हिश्शापेक्षा जास्त हवा पिते.

तेव्हा निवड करताना झडप उघडते कशी यापेक्षा मिटते कशी, हे पाहावे. प्लास्टिकच्याच असतील तर खाचेचे खालचे दोन्ही कोपरे बारीक करवतीने कापून टाकावेत, म्हणजे ठासलेला भुसा बाहेर पडायला वाट मिळते. कोपऱ्यांतून थोडी हवा शिरते, पण पट्टी पूर्ण टेकते. ओतीव ॲल्युमिनियमच्या झडपा मजबूत असतात आणि पट्टी जागच्या जागी आवळायला स्क्रू असतो. तो स्क्रू शोभेचा नव्हे. हादऱ्याने पट्टी हळूहळू घसरते. मात्र खाच तळाशी बंद असेल तर महाग झडपेतही भुसा ठासतोच. मला सर्वांत पटली ती आरपार खाचेची झडप. हिची लांब पट्टी दोन्ही बाजूंनी बाहेर येते. अर्ध्या भागात भोक, अर्धा भाग कोरा. खाच कधीच रिकामी राहत नसल्याने भुशाला ठासायला जागा नाही; जो येतो तो पट्टीच बाहेर ढकलते. तिला आजूबाजूला मोकळी जागा तेवढी हवी.

ही झडप घरी करता येते. १२ मिमी प्लायवुडचे दोन तुकडे, मध्ये पट्टीपेक्षा केसभर जाड अंतरपट्ट्या आणि सरकायला पट्टी. पहिली पट्टी मी प्लायवुडचीच केली आणि जुलैत ती फुगून अशी अडकली की हातोडी घ्यावी लागली. आता ३ मिमी ॲक्रिलिक वापरतो, कडांना मेण चोळून.

विकत घेणाऱ्यांनी मापाचा घोळ ध्यानात ठेवावा. आपल्याकडची पीव्हीसी नळी ११० मिमी म्हणून मिळते ती बाहेरच्या मापाने. परदेशी झडपा ४ इंची, म्हणजे १०० मिमीच्या आसपास. त्या नळीवर चढत नाहीत, आत शिरतात आणि डुगडुगतात. नळीचा वीतभर तुकडा पिशवीत घालूनच दुकानात जावे, आणि सांध्यावर टेप गुंडाळावी. रंधा भुसा फार टाकतो. त्याला १६० मिमीची शाखा परवडली तर द्यावी, कारण व्यास दीडपट झाला की नळीचे तोंड सव्वादोनपट होते.

सगळ्याच झडपा एकदम उत्तम घेण्याची ऐपत किंवा इच्छा नसेल, तर चांगल्या झडपा मोटरीजवळच्या शाखांना द्याव्यात, दूरच्या शाखांना साध्या चालतात. वाकावे न लागेल अशा उंचीवर बसवाव्यात; वाकून उघडायची झडप चार दिवसांत कायमची उघडी राहते. मी मुठींना लाल रंग दिला आहे, दारातूनच दिसते कोणती वर आहे. करवत सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या विजेच्या झडपाही मिळतात. पाच यंत्रांच्या खोलीत एकटा माणूस काम करीत असेल तर मला तो खर्च अनाठायी वाटतो, गुडघे दुखणाऱ्यांनी वेगळा विचार करावा. आणि यंत्र चालू करण्यापूर्वी एक झडप उघडावी. सगळ्या बंद असल्या तर मोटरीवरचा भार उलट हलका होतो, पण पातळ लवचीक नळी पिचकते.

मोठी मोटर घेतली नाही. तिच्या पैशांत चार आरपार झडपा आणि बारीक विणीची गाळणपिशवी आली. जुन्या पिशवीतून बारीक धूळ परत खोलीतच येत होती. खोकला पुष्कळ कमी आहे. सँडरवर बसताना मास्क मात्र अजून लावतो, कारण तिथली धूळ कोणत्याच नळीला पुरती आवरत नाही. महिन्यातून एकदा उदबत्ती घेऊन पाचही झडपांची फेरी होते. ड्रिलपाशी अजून प्लास्टिकचीच झडप आहे. ती सर्वांत लांब असल्याने तिची पाळी दिवाळीनंतर.