साडेसात हजार फूट खाली



मागल्या शनिवारी अभ्यासवर्गात एक पोरगा उभा राहिला. म्हणाला, ‘‘दादा, बस झालं. वस्तीत नळाला पाणी नाही आन् तुम्ही न्यूट्रिनो-बिट्रिनो काय शिकवताय? त्यानं पोट भरतं का?’’ पोरं हसली. मीही हसलो. पण घरी येईस्तोवर प्रश्न डोक्यातनं जाईना. त्याचं उत्तर कोलारच्या खाणीत आहे, म्हणून आज तिथंच उतरू.

कोलारची सोन्याची खाण, कर्नाटक. १८८० साली जॉन टेलरच्या गोऱ्या कंपनीनं ती ताब्यात घेतली. खाली उतरायला माणसं आणली ती बहुतेक तमिळ मुलखातली, गावकुसाबाहेरची. म्हणजे आपलीच. गावाला त्यांच्या सावलीचा विटाळ व्हायचा. त्यांनी काढलेल्या सोन्याचा कुणालाच झाला नाही! खणत खणत ती माणसं तीन किलोमीटरच्याही खाली गेली.

१९६५ साली याच खाणीच्या पोटात, साडेसात हजार फुटांवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, जपानमधल्या ओसाकाच्या आणि इंग्लंडमधल्या डरहॅमच्या शास्त्रज्ञांनी यंत्रं मांडली. एवढ्या खाली कशाला? तर आकाशातून विश्वकिरणांचा मारा रात्रंदिवस चालू असतो. त्यातून निपजणारे बाकीचे कण वरचा खडक अडवतो. न्यूट्रिनो अडत नाही, तो पृथ्वीच्याही आरपार जातो. लाखात नाही, कोटीत नाही, त्याहून कितीतरी विरळा असा एखादाच खडकात धडकतो. त्यातून म्यूऑन नावाचा कण उडतो आणि यंत्रात चमक उठते. वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो माणसाच्या हाती प्रथम लागला तो त्या वर्षी. आणखी एकाच ठिकाणी तो तेव्हाच सापडला. दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळच्या ईस्ट रँडला. तीही सोन्याचीच खाण. खाली काळा कामगार, वर वर्णद्वेषाचं राज्य.

याला योगायोग म्हणायला मी तयार नाही. जमिनीला एवढं खोल भोक पाडायचं तर फार स्वस्त माणूस लागतो. तो घडवण्याचे कारखाने जगात थोडेच. एक आपल्याकडचा, मनूचा. दुसरा तिकडचा.

त्या शोधनिबंधावर नावं आहेत : मेनन, श्रीकांतन, मियाके, वुल्फेंडेल आणि आणखी काही. मोठी माणसं. तीही त्याच पिंजऱ्यात उभी राहून खाली उतरत होती, हे कबूल केलंच पाहिजे. २०१५ साली जपानच्या काजितांना नोबेल मिळालं ते याच जातीच्या न्यूट्रिनोंवर. (कणांनाही जाती असतात. पण ते वाटेत जात बदलतात, एवढंच काजितांच्या प्रयोगानं दाखवलं. आपल्याकडचा जीव एवढा नशीबवान नाही.) पण ज्यानं भोक पाडलं त्याचं नाव कुठंय? १९३० साली सरकारनं आणि कंपनीनं कोलारच्या कामगारांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा हजारो माणसं संपावर गेली. ठसे पाहिजे होते. नावाशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

डॉक्टरही आले. कोलारचा सोन्याचा खडक म्हणजे गारगोटी. ड्रिल लावला की बारीक धूळ उडते, फुप्फुसात बसते, तिथं चट्टे पडतात, मागून क्षय येतो. सिलिकोसिस. त्यावर आजही औषध नाही. देशातल्या सिलिकोसिसचं पहिलं संशोधन याच खाणीतलं. १९४० च्या दशकात सात हजारांवर कामगार तपासले, त्यात शंभरातले चाळीसहून जास्त बाधित निघाले. आमची छाती अशी शास्त्राच्या कामी आली.

मग इंजिनियर. खोल खाणीत खडकावर इतका दाब असतो की भिंत बाँबसारखी फुटते. त्याचा अभ्यास करत करत तिथं १९८८ साली खडकशास्त्राची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. फुटण्याआधी खडक कसा करकरतो, हे ड्रिलवाल्याच्या कानाला यंत्राच्या आधी कळत असणार. त्या कानाला कुणी डॉक्टरेट दिली नाही.

शेवटी हिशेबनीस. सोनं काढायचा खर्च सोन्याच्या भावापेक्षा जास्त झाला म्हणून २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद. वर उरले सायनाइडच्या मातीचे डोंगर, आणि पहाटेच्या गाडीनं बंगळूरला मजुरीला जाणारी माणसं. गेलेली फुप्फुसं खर्चाच्या बाजूला कोणत्या भावानं धरली होती?

गरिबीच्या अर्थशास्त्राला २०१९ साली नोबेल मिळालं. त्यातल्या बॅनर्जी-डुफ्लोंचा उदयपूरकडचा प्रयोग वाचण्यासारखा आहे. चिठ्ठ्या टाकून गावं निवडली. काही गावांत लसीचं शिबिर, काहींत शिबिर आणि वर किलोभर डाळ. नुसत्या शिबिराच्या गावांत पूर्ण लसीकरण शेकडा १८, डाळीच्या गावांत ३९, आणि जिथं काहीच केलं नाही तिथं ६. पोरं वाचली, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण अशीच चिठ्ठी टाकून निम्म्या गावांत पडीक जमीन भूमिहीनांना वाटू आणि काय होतं ते मोजू, म्हटलं तर? मग कुणाला विज्ञान आठवत नाही.

तर त्या पोराला माझं म्हणणं असं. न्यूट्रिनोनं पोट भरत नाही, बरोबर. पण तो पकडायला गेला तो खर्च आपल्या पोटातनं गेलाय. पैसे भरून झालेत, आता दुकानाबाहेर कशाला उभं राहायचं? कोलारच्या त्याच कामगारांनी रिपब्लिकन पक्षाचे आमदार निवडून विधानसभेत धाडले. प्रयोगशाळेत कुणाला धाडणार? तिथं आपला पोरगा पोचला की त्याची फेलोशिप कशी थांबते आणि त्याला वसतिगृहातनं कसं काढतात, हे हैदराबादेत रोहित वेमुलाच्या वेळी अख्ख्या देशानं पाहिलं. जानेवारी २०१६. त्याला विज्ञानावर लिहायचं होतं.

येत्या शनिवारी वर्ग घ्यायला मी त्या पोरालाच सांगितलंय. म्हणाला, ‘‘म्यूऑन नंतर बघू दादा, आधी सिलिकोसिसचं वाचतो. आमचा बाप दगडखाणीवर होता.’’

वाच म्हटलं. आणि कोणत्या डॉक्टरनं त्याची छाती तपासली होती, तेही घरी विचारून ये.